समोरच्या ओट्यावरची सायकल

बाराव्या रस्त्यावरचा नवरदेव निघायचा तो कापेलाच्या सायकलवरून. असं कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण तांगा शहराच्या त्या एका रस्त्यापुरती ती ठरलेलीच गोष्ट होती. कापेला शिंपी होता. घराच्या ओट्यावर त्याचं पायमशीन आणि मशीनच्या बाजूला, बसल्या बसल्या हात पोचेल अशी, त्याची सायकल. लग्न ठरलेला मुलगा कांझू शिवायला यायचा, पांढराशुभ्र, पायघोळ, गळ्याशी रेशमाची वेलबुट्टी असलेला झगा. माप देऊन झालं की तो जरा घुटमळायचा, सायकलकडे बघायचा आणि म्हणायचा, "मग... त्या दिवशी...?" कापेला तोंडातल्या टाचण्या न काढताच मान हलवायचा. त्या एका मान हलवण्यासाठी त्याचं सगळं वर्ष जात असे.

त्याचा आजा पार पश्चिमेकडून, न्याम्वेझींच्या मुलखातून, घायपात कापायला इथं आला होता. बापानंही जन्मभर घायपातच कापला. बापाच्या तळहाताला हात लावला की आत राहून गेलेले काटे लागत, एवढं कापेलाला आठवायचं. त्यानं सुई धरली. पहिल्या कमाईची सायकल घेतली. तिच्या नळ्यांना लाल-पांढऱ्या पट्ट्या गुंडाळल्या, हँडलला आरसे लावले, तारांमध्ये प्लास्टिकची फुलं ओवली, मागच्या मडगार्डच्या रबरावर पेंटरकडून सिंह काढून घेतला. दर सणाला काहीतरी वाढतच गेलं. लेक झुहुरा लग्न होऊन दारेसलामला गेली, केस पिकले, चष्मा आला; सायकल मात्र होती तशीच नटलेली राहिली. रस्त्यातून कुणी अनोळखी गेला तरी तिच्याकडे वळून बघायचाच. कापेला मान खाली घालून शिवत असायचा, पण कोण वळून पाहतं हे त्याला न बघताच कळायचं.

समोरच्या घरात सेमकिवा राहायचा. हा इथलाच, झिगुआ जमातीचा. घायपाताच्या कारखान्यात वाख काढायच्या यंत्रावर त्यानं नोकरी केली आणि आता निवृत्त होऊन ओट्यावर बसला होता. न्याम्वेझी आणि झिगुआ यांच्यात थट्टेचं नातं आहे. म्हणतात, कधीकाळी त्यांनी एकमेकांची माणसं गुलाम म्हणून धरून नेली, आणि त्या वैराची पुढं थट्टा झाली. त्यामुळे कापेला सेमकिवाला 'गुलामा' म्हणायचा, सेमकिवा कापेलाला 'गुलामा' म्हणायचा, आणि सकाळी पहिली शिवी समोरून आल्याशिवाय दोघांनाही दिवस उजाडल्यासारखा वाटायचा नाही. या नात्यात दुसऱ्याची वस्तू उचलता येते. ताटातला मासा, डोक्यावरची टोपी, काहीही. ज्याची वस्तू गेली त्यानं रागवायचं नाही. काहीतरी खंडणी देऊन सोडवून न्यायची. नियम एकच. उचललं की तिथंच ओरडायचं, 'घेतलं रे गुलामा!' ओरडलं तर थट्टा. नाही ओरडलं, तर त्याला दुसरं नाव आहे.

एके दिवशी हांडेनीच्या बसच्या टपावरून सेमकिवानं एक सायकल उतरवून घेतली. सायकल म्हणायची एवढंच. गावी त्याच्या मामाच्या कणगीमागे ती कित्येक वर्षं पडून होती. कोंबड्या रात्री तिच्या नळीवर बसत. त्याचे पांढरे ओघळ वाळून घट्ट झाले होते. सीट नव्हती. एका चाकात वेल सुकून अडकला होता.

"ए गुलामा!" कापेला ओट्यावरून ओरडला. "हे भंगार कुठून चोरलंस?"

"तुझ्या आजाच्या कबरीवर उभं होतं. कुणी घेईना, म्हटलं आपण न्यावं."

"चालवणार आहेस का कोंबड्या पाळणार आहेस?"

"आधी तुला पाळून बघतो. जमलं तर कोंबड्या."

रस्ता हसला. कॉफीवाला किटली घेऊन चालला होता, तोही हसला. कापेला सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्या दिवशी त्याला खरोखरच हसू येत होतं.

सेमकिवानं ओट्यापुढे चटई अंथरली आणि सायकल उलटी उभी केली. मग तो रोज सकाळी तिच्यापुढे बसू लागला. घाई नाही, काही नाही. नट-बोल्ट रॉकेलमध्ये भिजत घातले. चेन डब्यात बुडवली. गंज खरडायला त्यानं घायपाताच्या वाखाचा चोथा घेतला आणि त्यात बारीक वाळू चोळली. कापेलाला मशीनच्या आवाजातूनही ती खरखर ऐकू यायची. तो मनात म्हणायचा, घास बाबा, घास. घासून घासून संपेल ती.

एका सकाळी सेमकिवा रस्ता ओलांडून आला. "चाकाला आऊट आहे. तू एवढा सायकलवाला, जरा बघतोस का?"

कापेला गेला. चाक फिरवून पाहिलं. रिम एका जागी डुलत होती, पण कडा शाबूत होत्या. दोन-चार तारा इकडे घट्ट, तिकडे ढिल्या केल्या की चाक सरळ होणार, हे त्याला पहिल्याच फेऱ्यात कळलं.

"फेकून दे," तो म्हणाला. "रिम गेली."

"खरंच?"

"गुलामा, मी खोटं कशाला बोलू?"

सेमकिवा चाकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझा खडू दे जरा. कापडावर आखायचा."

कापेलानं लाल खडू दिला. सेमकिवानं चिमट्याला, म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं त्या दुहेरी दांड्याला, हात टेकवून खडू रिमच्या अगदी जवळ धरला आणि चाक हळूच फिरवलं. जिथं रिम बाहेर आली होती तिथं लाल रेघ उमटली. त्यानं त्या जागेच्या तारा कसल्या, रेघ पुसली, पुन्हा खडू धरला. सकाळ त्यात गेली, दुपारही गेली. पण दिवस कलला तेव्हा चाक फिरत होतं आणि खडूला कुठंच लागत नव्हतं. सेमकिवानं खडू परत आणून दिला. अर्धा झिजला होता.

"बसली रे," तो म्हणाला. एवढंच. 'तू तर फेक म्हणाला होतास' असं काही नाही. ते बोलला असता तर बरं झालं असतं, असं कापेलाला वाटलं.

मग रंग निघाला. वरचा काळा रंग नंतर कुणीतरी फासलेला होता. तो खरवडला तसा खालून हिरवा दिसू लागला. नारळाची झावळी पहिल्यांदा उघडते तसला ओला हिरवा. नळ्यांवर दोन बारीक सोनेरी रेघा होत्या, जागोजागी तुटलेल्या. सेमकिवानं शेळीच्या केसांचा कुंचला बांधला आणि श्वास धरून त्या रेघा जोडल्या. सीटसाठी त्यानं वाख भिजवला, पिळला, चहाच्या पाण्यात आणि हळदीत रंगवला, आणि पिवळ्या-तपकिरी चौकटींचं विणलेलं कव्हर घातलं. हँडलच्या मुठींनाही तसाच वाख. जन्मभर ज्या वाखानं त्याचे हात कापले, तोच आता त्याच्या बोटांचं ऐकत होता. आरसा नाही, फूल नाही, सिंह नाही. तिच्यात काही कमी आहे असं मात्र कुणाला वाटेना.

कापेला सुईत दोरा ओवायला जायचा आणि दोरा बाजूनं निघून जायचा.

त्याला आधी कळलंच नाही की काय होतंय. वाटलं, चष्मा बदलायला झाला. मग त्याच्या लक्षात आलं की कॉफीवाला हल्ली समोर थांबतो. पहिल्यापासून तो कापेलाच्या ओट्याशी किटली ठेवायचा. लोक इथं बसून छोट्या कपातली कडू कॉफी प्यायचे, शेंगदाण्याची वडी चघळायचे. आता किटली समोर. माणसं समोर. त्यांची हाकही समोरूनच, "कापेला, अरे ये की इकडे!" इकडे म्हणजे तिकडे. तो जायचा नाही, काम आहे म्हणायचा.

एका संध्याकाळी त्यानं आपली सायकल पुसायला घेतली. आरशांवरची धूळ काढताना त्याला प्रत्येक आरशात एकेक हिरवा तुकडा दिसला. पट्ट्यांची टोकं सुटली होती. फुलांचा लाल रंग उडून गुलाबी झाला होता. आणि एकाएकी, कुणी न सांगता, त्याला आपली सायकल म्हाताऱ्या बाईनं फार पावडर लावावी तशी दिसली. त्यानं फडकं टाकून दिलं. ज्यानं हे दाखवलं त्याचा त्याला इतका राग आला की घास उतरेना. नारळाच्या दुधातला भात तसाच राहिला.

"काय झालं, झुहुराचे बाबा?" त्याच्या बायकोनं, तातूनं, विचारलं.

"मीठ जास्त झालंय."

"मीठ बरोबर आहे," तातू म्हणाली. "समोरचं जास्त झालंय तुम्हाला."

त्याच आठवड्यात खेरी आला. खेरी म्हणजे कापेलाच्या बहिणीचा मुलगा, बंदरावर कामाला. त्याचं लग्न ठरलं होतं, मुलगी रुळांपलीकडच्या चुंबागेनीची. कापेलानं त्याच्यासाठी कापड कधीच घेऊन ठेवलं होतं. भाच्याच्या लग्नात मामानं सायकलचं हँडल धरून मुलीच्या दारापर्यंत चालायचं असतं. कापेलाचं ते चालणं मनात कितीदा तरी चालून झालं होतं. त्यानं खेरीची छाती मोजली, बाह्या मोजल्या, उंची मोजली. माप संपलं. खेरी घुटमळला. कापेलानं टाचण्या तोंडात धरल्या आणि वाट पाहिली.

खेरी समोर बघत होता.

"मामा," तो म्हणाला, "सेमकिवाकाकांची सायकल काय झालीय नाही!"

कापेलानं मान हलवली नाही. हलवायला काही विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी सगळे मशिदीत गेले होते. कापेलाचं अंग दुखत होतं, निदान तसं त्यानं तातूला सांगितलं होतं. समोरच्या चटईवर सेमकिवानं रंगवलेले भाग वाळत घातले होते. मडगार्ड, चेनकव्हर, आणि चेनकव्हरच्या मधोमध बसणारी गोल झाकणी; तिच्यावर उठावाचा तारा होता. असली झाकणी आता मिळत नाही, हे कापेलाला ठाऊक होतं. आख्ख्या तांगा शहरात कुणाकडे नसेल.

तो नुसता बघायला गेला. वाकला. झाकणी उन्हानं गरम झाली होती आणि तळहातात बरोबर मावत होती. तो उभा राहिला तेव्हा ती त्याच्या खिशात होती, मापाच्या पट्टीखाली. रस्ता रिकामा होता. ओरडायला हवं होतं. कुणी नसलं तरी ओरडायचं असतं. घरातून बायका ऐकतात. 'घेतलं रे गुलामा' एवढे तीन शब्द. त्यानं तोंडही उघडलं. मग ते मिटलं, रस्ता ओलांडला आणि मशीनवर येऊन बसला.

सेमकिवा परतला आणि शोधू लागला. चटई झटकली. वाळू चाळली. शेजारच्या बकरीचं तोंड उघडून पाहिलं.

"काय हरवलं?" कापेलाला विचारावं लागलं, कारण न विचारणं वाईट दिसलं असतं.

"झाकणी रे. ताऱ्याची. इथंच होती."

"कावळ्यानं नेली असेल. चकाकतं ते नेतो तो."

"तू नाही ना घेतलीस?" सेमकिवानं हसत विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाला, "छे, तू घेतली असतीस तर पार बंदरापर्यंत ऐकू आलं असतं. ये, जरा शोधू लाग."

कापेला गेला. गुडघे टेकून त्यानं ओट्याखालची वाळू बोटांनी उकरली, गटाराच्या कडेला पाहिलं, कोंबड्यांच्या टोपलीत हात घातला. झाकणी त्याच्या मांडीला टोचत होती. सेमकिवा शेजारीच गुडघ्यांवर होता, धापा टाकत होता आणि म्हणत होता, "जाऊ दे, तुझे गुडघे दुखतील." त्या क्षणी कापेलाला त्याचा जितका राग आला तितका सायकलचाही कधी आला नव्हता.

चार दिवस चेनकव्हरला भोक राहिलं. मग सेमकिवानं एक करवंटी घेतली. कापली, घासली, काचेच्या तुकड्यानं तासली, खोबरेल चोळलं. काळीभोर, आरशासारखी गोल चकती तयार झाली. तिच्या मध्यभागी त्यानं शिंपल्याचा एक तुकडा बसवला. हिरव्यात ती काळी चकती अशी काही शोभली की येणारा-जाणारा आधी तिलाच हात लावायचा.

"बरं झालं ती झाकणी हरवली," कॉफीवाला म्हणाला.

कापेलानं हे ऐकलं. त्याच्याच हातानं समोरची सायकल आणखी देखणी झाली होती. त्यानं झाकणी मशीनच्या खणात, जुन्या बटणांच्या खाली ढकलली आणि खण बंद केला.

खेरी कांझू घालून बघायला आला त्या दिवशी ओट्यावर गर्दी होती. बहीण आली होती, शेजारच्या बायका आल्या होत्या. गळ्याचं बटण सैल होतं. तातू म्हणाली, "थांबा, मी देते," आणि कापेला उठायच्या आत तिनं खण ओढला, बटणांत हात घातला आणि तारा वर काढला.

मग तातूच हसली. तिला ते हसण्यासारखंच वाटलं. दुसरं काही तिच्या मनात आलंच नाही.

"अहो सेमकिवा!" तिनं रस्त्यापलीकडे हाक मारली. "या इकडे! तुमचा कावळा सापडला! आमच्या घरातच राहतो!"

मग काय, सगळा रस्ता गोळा झाला. "अरे बापरे, एवढी लांबवलेली थट्टा!" "आणि शोधायला काय लागला होता, गुडघ्यांवर!" "याला म्हणतात खरा न्याम्वेझी!" कुणीतरी कापेलाच्या पाठीवर थाप मारली. सेमकिवा धावतच आला. झाकणी हातात घेऊन पोट धरून हसला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

"जिंकलास गुलामा! फसलो मी. बोल, काय देऊ? माग खंडणी."

"कोंबडा माग!" बायका म्हणाल्या.

"सायकलच माग!" कॉफीवाला ओरडला. "थट्टेत मागितलं तर नाही म्हणता येत नाही!"

सगळे पुन्हा हसले. खेरी अर्धवट बटणं लावलेल्या कांझूत उभा होता आणि मामाकडे बघत होता. कापेलाच्या ध्यानात आलं की हे खरं आहे. आत्ता मागितली तर ती येईल. हसत हसत, सगळ्यांसमोर येईल. शेवटचा आऊटही काढून तयार झालेली ती हिरवी सायकल त्याच्या मशीनशेजारी उभी राहील आणि याला कुणी चोरी म्हणणार नाही. सगळे मिळून त्याचा गुन्हा साफ धुऊन टाकायला निघाले होते. आणि त्यालाच ते सहन होईना. इतके आठवडे तो जळत होता, रात्र-रात्र कूस बदलत होता, आणि हे लोक त्याला विनोद म्हणत होते.

"थट्टा नव्हती ती," तो म्हणाला.

हशा आणखी वाढला. "बघा, अजून चालूच आहे!"

"मी ओरडलो नव्हतो," कापेला म्हणाला. तो सेमकिवाकडेच बघत होता. "चोरली होती. तुझी सायकल बघवत नव्हती म्हणून. रिमपण चांगली होती. मी खोटं सांगितलं."

बाकीचे हसतच होते, पण सेमकिवाचं हसणं थांबलं. तो त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, चाकाचा आऊट बघावा तसा. मग त्यानं झाकणी खिशात घातली.

"बरं, कापेला," तो म्हणाला.

'कापेला' म्हणाला तो. नावानं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि रस्ता ओलांडून निघून गेला.

दुसऱ्या सकाळी समोरून शिवी आली नाही. हिरवी सायकल ओट्यावर नव्हती. आत नेऊन, चादर घालून ठेवली, असं तातू बायकांकडून ऐकून आली. कॉफीवाल्यानं किटली कुठं ठेवायची ते न कळून रस्त्याच्या मधोमध ठेवली. कापेलानं उगाच एकदा ओरडून पाहिलं, "ए गुलामा, उठलास का मेलास?" सेमकिवानं आतून उत्तर दिलं, "सलाम. बरा आहे." त्या सभ्य बोलण्यानं कापेलाच्या अंगावर काटा आला.

लग्नाच्या दोन दिवस आधी खेरी आला. "मामा, मग तुझी सायकल नेतो ना मी?"

कापेलानं मान हलवली.

खेरी गेल्यावर तातू म्हणाली, "झालं ना मनासारखं? मग असं तोंड का करून बसलाय?"

"गप्प बस, झुहुराची आई."

ती गप्प बसली, आणि तेच वाईट झालं. कापेलानं सायकल धुवायला काढली. नव्या पट्ट्या आणल्या होत्या, त्या गुंडाळायला घेतल्या. पण हात पट्टीवर आणि डोळे समोरच्या बंद दारावर. दाराआडची, चादरीखालची ती सायकल त्याला आता आधीपेक्षा स्वच्छ दिसत होती. बाहेर होती तेव्हा निदान तिच्यावर माशी बसायची, धूळ बसायची. आता तिच्यावर काहीच बसत नव्हतं. रोज ती थोडी अधिक हिरवी होत होती.

त्यानं पट्टी टाकली आणि रस्ता ओलांडून दार वाजवलं. सेमकिवानं उघडलं. आत ये म्हणाला नाही.

"तुझी सायकल खेरीसाठी दे," कापेला म्हणाला. "मी मागतोय. थट्टेत नाही."

"तुझी आहे की."

"पोराला तुझी हवी होती. माझ्यासाठी म्हणून माझी घेतोय."

"आणि तुला काय हवंय?"

कापेला उंबऱ्याकडे बघत राहिला. "ती बाहेर काढ. आत असली की मला आणखीनच देखणी दिसते. झोप लागत नाही."

सेमकिवानं दाराच्या कडीवर हात ठेवला. आतून कुठूनतरी तळलेल्या माशाचा वास येत होता.

"हँडल कोण धरणार?" त्यानं विचारलं.

"मामानं धरायचं असतं."

"ते माहीत आहे मला. धरशील?"

"धरीन."

सेमकिवानं दार लावलं. पण लग्नाच्या सकाळी हिरवी सायकल त्याच्या ओट्यासमोर उभी होती, तेल घातलेली, टायरात हवा भरलेली. खेरी कांझू सावरत तिच्यावर बसला. बायकांनी लग्नात काढतात तो उंच, थरथरता आवाज गळ्यातून काढला, ढोल वाजले, आणि कापेलानं उजवा हात हँडलच्या वाखाच्या मुठीवर ठेवला. मूठ थंड होती, तळव्याला बसणारी. मनातल्या मनात त्यानं तिला नावं ठेवायचा प्रयत्न केला. जमला नाही.

पाच-सहा पावलांवर त्याच्या मनगटाला काहीतरी जाणवलं. सायकल डावीकडे ओढत होती. अगदी थोडी. त्यानं हात जरा सैल केला. चाक डावीकडे वळू लागलं आणि खेरीचा खांदा झुकला. त्यानं पुन्हा ओढून घेतलं. चिमटा. चिमटा वाकलेला होता, बारीकसा. सेमकिवाच्या मामानं कधीतरी कुठंतरी आपटली असणार. रंग, रेघा, विणकाम, सगळं वर चढलं होतं आणि खाली ते तसंच राहून गेलं होतं.

कापेलाला इतकं बरं वाटलं की त्याला हसू आवरेना. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्याचा श्वास पोटापर्यंत गेला. लोकांना वाटलं, मामा खुशीत आहे. ढोलवाल्यांनी त्याच्यासाठी एक ठोका जास्त वाजवला. आता हात सोडला की झालं. नवरदेव सगळ्या शहरासमोर गटाराकडे वळेल. मामाचा हात घामानं निसटला, असंच लोक म्हणतील.

त्यानं मूठ घट्ट धरली. मोठ्या रस्त्यापर्यंत धरली, रेल्वेच्या रुळांवरून नेताना दोन्ही हातांनी धरली. खांद्यात कळ आली, मनगट बधिर झालं. दोन्ही बाजूंनी माणसं बघत होती, दुकानांतून बाहेर येत होती, सोनेरी रेघांकडे बोट दाखवत होती. त्यांतल्या एकाही नजरेत कापेला नव्हता आणि ते त्याला प्रत्येक पावलाला कळत होतं. तरी चुंबागेनीत मुलीच्या दाराशी सायकल थांबली तेव्हा तिचं पुढचं चाक बरोबर उंबऱ्याच्या समोर होतं.

"काय सरळ चालते हो!" मुलीचा काका म्हणाला. "पाण्यावरून यावी तशी आली."

खेरीला आत नेलं. दारात चपलांचा ढीग झाला. कापेला सायकल भिंतीला टेकवून मनगट चोळत उभा राहिला. सेमकिवा गर्दीतून पुढं आला. त्यानं सायकलकडे पाहिलं नाही. कापेलाच्या मनगटाकडे पाहिलं.

"डावीकडे ओढते ती," तो हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे."

"कुणाला सांगितलंस?"

कापेलानं मनगट झटकलं, बोटं उघडून मिटून पाहिली.

"अजून नाही," तो म्हणाला.